फराळाच्या डब्यांसाठी हातकागदाचे टॅग: आधी कागद, मग शाई

हातकागदावर हौसेने बारीक नक्षीचा ठसा मारावा आणि कमळाच्या जागी पसरट डाग उमटावा, असं झालं की दोष ठशाला जातो, नाहीतर शाईला. बहुतेक वेळा कारण कागदात असतं. तो शाई किती पितो आणि प्यायलेली शाई धाग्याधाग्याने किती लांब नेतो, यावर ठसा रेखीव येणार की फुगणार हे ठरतं. दुकानात आपण नेमकं उलटं करतो: आधी ठसे आवडतात, मग त्यांना शोभणारी शाई घेतो, आणि कागद घरात असेल तो. इथे क्रम फिरवला आहे. ठशांचा नंबर बऱ्याच उशिरा लागेल, तेवढा धीर धरा.

उदाहरणासाठी दिवाळीच्या फराळाच्या डब्यांना बांधायचे टॅग घेतले आहेत. तीस-चाळीस नग, प्रत्येकावर एक छोटं चित्र, ‘शुभ दीपावली’, देणाऱ्याचं नाव आणि डब्यात काय आहे ते. संक्रांतीचं वाण, लग्नातल्या भेटवस्तू, घरच्या लोणच्याच्या बरण्या यांनाही हीच रीत चालते.

कागद

बाजारात हातकागद म्हणून जो मिळतो तो बराचसा सुती असतो. होजिअरीच्या कारखान्यांतली कापडाची कात्रणं कुटून त्यांचा लगदा करतात आणि पाण्यात कालवलेल्या त्या लगद्यातून चाळणीवर एकेक ताव उचलतात. कापसाचा तंतू लांब असतो, म्हणून हा कागद दुमडला तरी पटकन तुटत नाही आणि दोरीच्या भोकाशी सहजी फाटत नाही. टॅगला आणखी काय हवं? पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागदाची आणि हस्तकलेच्या सामानाची दुकानं आहेत. ऑनलाइनही मिळतो, पण पहिल्यांदा घेताना हाताने चाचपून घेतलेला बरा.

जाडी ‘जीएसएम’मध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. टॅगसाठी २०० ते ३०० मधला घ्या. दीडशेच्या खालचा लुळा पडतो, तीनशेच्या वरचा साध्या पंचिंग मशीनला ऐकत नाही. फुलांच्या पाकळ्या, गवताच्या काड्या घातलेला कागद दिसायला फार देखणा असतो, पण ठशासाठी निरुपयोगी. पाकळी आली की तिथे शाई बसत नाही आणि ठसा मधेच तुटतो. तो आवडलाच तर मागच्या थरासाठी वापरा आणि त्यावर साध्या कागदाचा लहान टॅग चिकटवा.

तावाच्या दोन बाजू सारख्या नसतात. उजेडात तिरका धरून बघा, एका बाजूची खरखर जास्त जाणवेल. ठसा कमी खरखरीच्या बाजूला मारायचा.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि बघत राहा. थेंब फुगून तसाच बसला, मिनिटभराने हळूहळू मुरला, तर कागदाला खळ, म्हणजे शाई पसरू न देणारा पातळ थर, चांगली आहे. बहुतेक सगळ्या शाया त्यावर नीट वागतील. टेकताक्षणी थेंब आत गेला आणि भोवती ओला गोल पसरला, तर हा कागद टिपकागदाचा भाऊ आहे. त्यावर पातळ शाईने बारीक रेघांचा ठसा मारायचा विचार सोडा. एक तर दाट शाई आणि ठसठशीत ठसा घ्या, नाहीतर कागदाला आधी खळ द्या.

खळ देणं हे काही नवं खूळ नाही. जुन्नर आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही आपल्याकडची कागद करणारी जुनी गावं. त्या काळी आपल्याकडे कागदाला पिठाची खळ लावत, वाळवत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटत. बोरूची शाई फुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आपल्याला ठशाची शाई फुटू द्यायची नाही, एवढाच फरक.

घरी करायचं तर कपभर पाण्यात एक सपाट चमचा कॉर्नफ्लॉवर कालवा, मंद आचेवर ढवळत शिजवा, पांढरेपणा जाऊन पारदर्शक झालं की उतरवा. गार झाल्यावर रुंद ब्रशने पातळ हात द्या, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला लावलं तर कागद वाळताना पन्हळीसारखा वळतो. दोरीवर क्लिपने लटकवून वाळवा, मग सुती कापडात ठेवून वरून जड पुस्तकं रचा. वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने, शंखाने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने एकाच दिशेने घोटा. कागदाला मंद चमक येते आणि ठसा इतका वेगळा उमटतो की खळ दिलेला आणि न दिलेला तुकडा शेजारी ठेवून बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही. जिलेटिननेही हे होतं (तीनेक ग्रॅम, दीडशे मिलिलिटर कोमट पाण्यात) आणि पिठापेक्षा जास्त पक्कं होतं. पण जिलेटिन प्राणिजन्य आहे. देवाच्या किंवा फराळाच्या वस्तूला ते नको असं बऱ्याच घरांत वाटेल. पिठाच्या खळीला पुढे कसर लागू शकते. महिनाभराच्या टॅगला ती चिंता नाही, जपून ठेवायच्या वस्तूला मात्र आहे.

कापणी

फराळाच्या डब्याला ५ × १० सेंटीमीटरचा टॅग पुरतो. ए-४ आकाराच्या कागदाची लांबी २९.७ सेंटीमीटर. लांबीवर पाच-पाच सेंटीमीटरच्या खुणा करून पाच पट्ट्या काढा, प्रत्येकीचे दहा-दहाचे दोन तुकडे करा: दहा टॅग. उरलेली पावणेपाच सेंटीमीटरची पट्टी टाकू नका, पुढे सगळ्या चाचण्या तिच्यावरच करायच्या आहेत. ५६ × ७६ सेंटीमीटरचा पूर्ण ताव घेतला तर त्यात सत्त्याहत्तर टॅग बसतात, सोसायटीतल्या सगळ्यांना वाटूनही उरतील.

स्टीलची पट्टी, धारदार कटर आणि खाली जाड पुठ्ठा. एका दमात आरपार कापायला जाऊ नका. हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, नाहीतर सुती तंतू पात्याबरोबर ओढले जातात आणि कडेला मिशा फुटतात. वरचे दोन कोपरे तिरके कापायचे. दोन्ही बाजूंनी सव्वा सेंटीमीटरवर खूण करून ती जोडली की टॅगचा ओळखीचा आकार मिळतो. एक साचा जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा करून ठेवला की पट्टीची गरज उरत नाही.

हातकागदाची खरी शोभा त्याच्या फिसकारलेल्या कडेत असते आणि कटरने ती जाते. खालची कड तरी तशी ठेवायची असेल तर कापू नका, फाडा. जिथे फाडायचं तिथे घडी घाला, घडीवरून ओला ब्रश दोनदा फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्ही हातांनी बाजूला ओढा. तंतू सुटे होऊन मऊ कड येते. कोरडा कागद ओढला तर वेडावाकडा फाटतो. पेपरमेकरने तावावर सोडलेली मूळ कड जिथे मिळेल तिथे ती टॅगच्या तळाला आली पाहिजे, असं बघूनच आखणी करा.

भोक आताच पाडा, वरच्या कडेपासून एक सेंटीमीटर खाली. चित्र झाल्यावर पाडलं की हमखास पणतीच्या ज्योतीतून जातं. मऊ हातकागद पंचिंग मशीनमध्ये कापला न जाता चेंगरतो. खाली आणि वर एकेक कडक कागद, जुनं व्हिजिटिंग कार्ड वगैरे, धरून पंच केलं की भोक स्वच्छ पडतं. धातूची आयलेट बसवायची हौस असेल तर बसवा. सुती कागदाला तिची गरज नसते.

शायांची वागणूक

हा भाग नीट वाचलात तर पैसे वाचतील. स्टॅम्पच्या शायांचे पुष्कळ प्रकार विकले जातात, पण टॅगसाठी तीन घराणी ओळखली की पुरे.

पहिली डाय शाई. रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला, पातळ, कागदात शिरणारी. लवकर वाळते, पारदर्शक असते, एकावर एक रंग दिले की मिसळतात. पार्श्वभूमी रंगवायला उत्तम. बारीक ठशाला मात्र ती खळ असलेल्याच कागदावर वापरा. उन्हात फिकी होते आणि बरीचशी पाण्याने पसरते.

दुसरी पिगमेंट शाई. यात रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात. दाट असते, फुटत नाही, गडद कागदावरही पांढरी किंवा सोनेरी उठून दिसते. हातकागदासाठी एकच पॅड घ्यायचं असेल तर हेच घ्या. तोटा एकच, वाळायला वेळ लागतो. गुळगुळीत कागदावर तर फारच, आणि पावसाळ्यात विचारूच नका. श्रावणात केलेला टॅग दुसऱ्या दिवशीही बोटाला लागू शकतो. हेच काम ऑक्टोबरच्या उन्हात पटकन होतं.

तिसरी पक्की शाई, जी आर्कायव्हल किंवा परमनंट नावाने मिळते. वाळल्यावर तिच्यावरून ओला ब्रश फिरवला तरी हलत नाही. काळ्या रेघांचा ठसा मारून आत जलरंग भरायचे असतील तर ही हवीच. हिच्यासाठी ठसा धुवायचं वेगळं द्रावण लागतं, हे विकत घेतानाच लक्षात ठेवा.

आणि ऑफिसचं जांभळं स्टॅम्पपॅड? ते सगळ्यांच्या घरात असतं, म्हणून मोह होतो. त्याची शाई ओलावा लागला की पसरते आणि जांभळा ओघळ निघतो. शिवाय टॅगला तहसील कचेरीची कळा येते. मुद्दाम तशी गंमत करायची असेल, लाडवांच्या डब्यावर ‘तपासून पाहिले’ असा शिक्का मारायचा असेल, तर जरूर वापरा.

कुठलीही शाई घेतली तरी उरलेल्या पट्टीवर ठसा मारा, पाच मिनिटांनी बोट फिरवा, मग ओलं बोट फिरवा. दोन्ही निकाल पेन्सिलने बाजूला लिहून ठेवा.

पार्श्वभूमी

कोरा हातकागद स्वतःच इतका सुंदर असतो की पार्श्वभूमी रंगवलीच पाहिजे असं नाही. अर्धे टॅग कोरे आणि अर्धे रंगीत ठेवले की दोन्ही खुलतात. रंगवायचेच असतील तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा घ्या, डाय शाईच्या पॅडवर टेकवा, आधी रद्दी कागदावर दोन-चार गोल फिरवून जादा शाई काढा आणि रद्दीवरून सुरुवात करून गोल-गोल फिरवत टॅगच्या कडेवर या. थेट टॅगवर स्पंज टेकवला तर तिथे डाग पडतो आणि तो जात नाही. फिक्या रंगापासून गडदाकडे जा. पिवळ्यावर केशरी, केशरीवर कडेला थोडा विटकरी एवढं झालं की कंदिलाचा उजेड पडल्यासारखा टॅग दिसतो. पिवळ्यावर जांभळा चढवला तर चिखल होतो.

पाणी शिंपडूनही मजा येते. शाई दिल्यावर ओल्या बोटांनी दोन-चार थेंब उडवा, क्षणभर थांबून सुती फडक्याने टिपा, थेंबांच्या जागी फिके ठिपके राहतात.

चहाने रंगवणं सगळ्यात स्वस्त. कपभर पाण्यात दोन चमचे चहापत्ती पाच मिनिटं उकळा, गाळा, गार करा, टॅग त्यात बुडवून काढा. जुन्या पोथीच्या पानासारखा रंग येतो. हळदीचा रंग पहिल्या दिवशी झगझगीत दिसतो, पण उजेडाने उडतो, आणि साबणाचा किंवा चुन्याचा हात लागला की तिथे लाल होतो. हळदीपासून कुंकू होतं ते याच गुणामुळे. टॅगसाठी तो गुण गैरसोयीचा आहे.

ओले केलेले टॅग वाळताना वाकतातच. अर्धवट ओले असताना सुती कापडाच्या दोन थरांत ठेवून वर वजन ठेवा. वर्तमानपत्रात ठेवू नका, छपाईची शाई उतरते. घाई असेल तर कापडावरून इस्त्री चालते.

ठसे: विकतचे, शिक्केवाल्याकडचे, स्वयंपाकघरातले

पारदर्शक पॉलिमरचे ठसे अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटवून वापरतात. आरपार दिसत असल्याने नेमके बसवता येतात, म्हणून नवख्यांना सोयीचे. नव्या पॉलिमर ठशावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. जीन्सच्या कापडावर किंवा साध्या खोडरबराने तो हलकेच घासा, मग धरते. रबराचे ठसे लाकडी ठोकळ्यावर येतात, जास्त टिकतात आणि बारीक नक्षी चांगली देतात.

कापडछपाईचे लाकडी ठसेही कागदावर चालतात. गुजरातमधल्या पेथापूरच्या कारागिरांचे असे ठसे प्रसिद्ध आहेत. त्यांना शाई भरपूर लागते, म्हणून पॅडवर ठसा न टेकवता उलटा धरून पॅडने शाई लावा. टॅगच्या खाली वर्तमानपत्राचे आठ-दहा थर घाला. लाकूड कडक, कागद खडबडीत, मधे काहीतरी दबणारं हवंच.

तालुक्याच्या गावी कोर्टाजवळ किंवा तहसीलजवळ शिक्के करून देणारा असतोच. त्याला तुमच्या हस्ताक्षरातलं ‘शुभ दीपावली’ काळ्या पेनाने पांढऱ्या कागदावर लिहून द्या, ठसा करून मिळेल. आपोआप शाई भरणारा नको, साधा रबरी हवा, असं आवर्जून सांगा. आत शाई असलेल्या शिक्क्याला रंग सहजी बदलता येत नाहीत.

स्वयंपाकघरातली भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार मिळतं. कापल्यावर फडक्यात दाबून कोरडी करा, चिकटपणा शाईला धरू देत नाही. मुलं हातभार लावणार असतील तर त्यांच्याकडे हे द्या, आणि ठिपक्यांसाठी पेन्सिलीच्या मागचं रबर. ठिपक्यांच्या रांगोळीचा टॅग त्याच रबराने होतो.

देवनागरी ठसा स्वतः कोरायचा तर

विकतच्या ठशांवर बहुतेक इंग्रजी मजकूर असतो, म्हणून हे शिकून घेण्यासारखं आहे. मोठं खोडरबर किंवा रबराची लिनो शीट, आणि व्ही आकाराच्या पात्याचं कोरणं लागतं. सुरुवातीला खोडरबरच बरं, मऊ असतं.

अक्षरं उलटी कोरायची असतात, पण उलटं लिहायचा खटाटोप करू नका. ट्रेसिंग पेपरवर ४बी किंवा ६बी पेन्सिलीने नेहमीसारखं सुलट लिहा, कागद रबरावर पालथा घाला आणि मागून चमच्याने घासा. पेन्सिलीचा कोळसा रबरावर उतरतो, आपोआप उलटा. ठसा मारल्यावर तो सुलट येणार.

देवनागरीची अडचण शिरोरेषेत आहे. लांब, सरळ, एकाच जाडीची रेघ हाताने कोरताना पहिली चूक तिथेच दिसते. ती पट्टी धरून कटरने कापा, जाडी दोन मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. बारीक ठेवली तर दाबाने वाकते आणि अक्षरांवर लाटा येतात. ‘भ’ची गाठ, ‘श’चा वळसा, ‘ळ’ची दोन पोटं या छोट्या पोकळ्या खोल कोरा, उथळ राहिल्या की शाई भरून अक्षर आंधळं होतं. गाठ फार लहान येत असेल तर ती बंदच ठेवा, वाचायला अडत नाही. अनुस्वार, रफार सुटे असले तरी हरकत नाही, खालचं रबर त्यांना धरून असतं.

पातं रेघेपासून बाहेरच्या बाजूला उतरतं धरा, म्हणजे प्रत्येक रेघेचा पाया रुंद राहतो. रेघेखाली पातं गेलं की ती दोन-चार ठशांत तुटून पडते. वळणावर पातं वळवण्याऐवजी रबर फिरवा. हात नेहमी पात्याच्या मागे. आणि पहिल्या ठशासाठी ‘शुभ दीपावली’ घेऊ नका, नुसतं ‘शुभ’ किंवा ‘श्री’ घ्या.

ठसा मारणं

शाई लावताना पॅड ठशावर टेकवत न्या, घासू नका. ठसा उजेडात तिरका धरला की कुठे कोरडं राहिलं ते चमकेवरून कळतं. कडांवर, कोरलेल्या खड्ड्यांत लागलेली शाई फडक्याने पुसा. मग सरळ खाली आणा, बोटांनी चारही कोपऱ्यांवर आणि मधे दाबा, सरळ वर उचला. पुढेमागे डुलवलं की दुहेरी कड येते. खरखरीत कागदावर ठसा मधे तुटक येत असेल तर टॅगखाली जुना माऊसपॅड घ्या. थोडा तुटकपणा हातकागदाला शोभतो, त्याच्या मागे लागून प्रत्येक टॅग परिपूर्ण करायची धडपड मला व्यर्थ वाटते.

लिहायची जागा मोकळी राहायला तिथे चिकट चिठ्ठीचा तुकडा लावून मगच ठसे मारा. अर्धा ठसा चिठ्ठीवर आणि अर्धा टॅगवर पडला की चित्र मागून डोकावल्यासारखं दिसतं. एका टॅगवर एक मोठं चित्र आणि फार तर एक छोटं. पणती, कमळ, तोरण, रांगोळी आणि कंदील सगळे एकाच पाच सेंटीमीटरमध्ये बसवले की फटाक्याच्या खोक्याचं वेष्टण होतं.

उठावाची सोनेरी नक्षी

एम्बॉसिंग पावडरने ठसा उंच आणि चकचकीत होतो, आणि पत्रिकेच्या छपाईसारखा दिसतो. पिगमेंट शाईने किंवा बिनरंगी एम्बॉसिंग शाईने ठसा मारा, ओला असतानाच सोनेरी पावडर टाका, टॅग उभा करून खाली घडी घातलेल्या कागदावर झटका. पडलेली पावडर बाटलीत परत जाते. मग हीट गनने गरम करा. पावडर वितळून एकदम चमकते, चमक आली की लगेच पुढे सरका. जास्त तापवली की ती कागदात मुरते आणि तेलकट दिसते.

केस वाळवायचा ड्रायर इथे चालत नाही. तेवढा तापत नाही आणि पावडर उडवतो ती वेगळीच. हीट गन नसेल तर इस्त्री तापणारा तळ वर येईल अशी, नीट टेकवून ठेवा आणि टॅग चिमट्याने तिच्या वर खालच्या बाजूने तापेल असा धरा. हे काम मुलांचं नाही.

ठसा सोडून भलतीकडे पावडर चिकटते ती ओलाव्यामुळे आणि बोटांच्या घामामुळे. सुती कापडाची पुरचुंडी करून तीत टाल्कम पावडर भरा, ठसा मारण्याआधी टॅगवर हलकेच थोपटा. दमट मुंबईत आणि कोकणात ही पायरी गाळू नका. स्पंजची पार्श्वभूमी उठावाच्या आधी द्यायची की नंतर? दोन्ही चालतं, पण बिनरंगी पावडरने आधी उठाव करून मग डाय शाईचा स्पंज फिरवला तर शाई उंचवट्यावर धरत नाही. फडक्याने पुसलं की रंगात पांढरी नक्षी राहते. ही युक्ती खळ दिलेल्या कागदावर सर्वात चांगली दिसते.

नाव आणि दोरी

नाव पिगमेंट शाईच्या बारीक पेनने लिहा. फाउंटन पेन हातकागदावर फुटतं, जेल पेन तंतूंत अडखळतं. ‘भाजणीची चकली, बेसन लाडू, चिवडा (शेंगदाणे आहेत)’ असं मागच्या बाजूला लिहायला विसरू नका, अ‍ॅलर्जीवाल्या घरांत याचं महत्त्व चित्रापेक्षा जास्त आहे.

दोरी तागाची, सुताची किंवा जरीची. लाल-पिवळ्या नाड्याचा रंग ओलाव्याने उतरू शकतो, आधी ओल्या कापसाने पुसून बघा. तीस सेंटीमीटरची दोरी दुहेरी करा, घडीचं टोक भोकातून पुढे काढा, दोन्ही सुटी टोकं त्या फासातून ओढून घ्या. गाठ नाही, फुगवटा नाही, टॅग सपाट राहतो.

सगळे टॅग एकेक करून पूर्ण करण्यापेक्षा एक पायरी सगळ्यांवर करा: सगळी कापणी, सगळी भोकं, सगळे स्पंज, मग सगळे ठसे. पहिल्या टॅगची शाई शेवटचा होईपर्यंत वाळते. काम संपल्यावर ठसे साबणाच्या पाण्याने आणि जुन्या मऊ टूथब्रशने धुवा, टिपून कोरडे करा. पॉलिमरवर रंगाची छटा राहते, ती बिघाड नव्हे. पॉलिमर ठसे उन्हात ठेवू नका, पिवळे आणि चिकट होतात. डाय शाईची फेल्टची पॅडं पालथी ठेवली की शाई वर येते.

टॅग डब्याच्या कडीला किंवा झाकणाच्या बाजूला बांधा, फराळाला टेकेल असा आत कधीही नको. शाई खाण्याजोगी नसते आणि चकलीचं तेल सुती कागदात शिरलं की तिथे कागद पारदर्शक होतो, नाव दिसेनासं होतं. परदेशी कुरिअरने जाणाऱ्या फराळाचा टॅग बाहेर लटकता ठेवू नका, तो वाटेत कुठेतरी अडकून तुटतो. खोक्याच्या आत, डब्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर, दोरी पिशवीच्या गाठीतून ओवून बांधा.